वायरशार्क

वायरशार्क ही संगणकजाळ्यातून, म्हणजेच नेटवर्कमधून, ये-जा करणारी माहिती टिपून तिचा अर्थ उलगडून दाखवणारी मुक्तस्रोत आज्ञावली आहे. जाळ्यातील बिघाड शोधणे, त्याच्या वर्तनाचा अभ्यास करणे, नवे प्रोटोकॉल तपासून पाहणे, सुरक्षाविषयक घटनांचा मागोवा घेणे आणि संगणकशास्त्राचे अध्यापन या कामांसाठी तिचा जगभर उपयोग होतो. या वर्गातील आज्ञावल्यांना पॅकेट विश्लेषक किंवा प्रोटोकॉल विश्लेषक असे म्हणतात. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ही आज्ञावली इथेरियल या नावाने प्रसिद्ध केली. मे २००६ मध्ये तिचे नाव बदलून वायरशार्क असे ठेवण्यात आले.

वायरशार्क स्वतः कोणताही बिघाड दुरुस्त करत नाही. दोन संगणकांमध्ये प्रत्यक्षात कोणत्या संदेशांची देवाणघेवाण झाली, याची वेळेसह नोंद ती अभ्यासकापुढे ठेवते. त्या नोंदीवरून बिघाडाचे कारण ठरवण्याचे काम वाचणाऱ्याचे असते.

मूळ लेखक: जेराल्ड कॉम्ब्स
पहिले प्रकाशन: जुलै १९९८
पूर्वीचे नाव: इथेरियल
प्रोग्रामिंग भाषा: सी, सी++
संचालन प्रणाली: विंडोज, मॅकओएस, लिनक्स, बीएसडी व इतर
परवाना: जीएनयू सार्वजनिक परवाना, आवृत्ती २ किंवा नंतरची

पार्श्वभूमी

संगणकजाळ्यातून पाठवलेले पत्र, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण सलग स्वरूपात प्रवास करत नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात व प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. एखादे मोठे हस्तलिखित अनेक पाकिटांत घालून टपालाने पाठवावे आणि प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक घालावा, तसा हा प्रकार आहे.

ही पाकिटे एकात एक घातलेली असतात. नेहमीच्या इथरनेट जाळ्यात एका चौकटीत जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर मावतो. त्यातील किमान २० बाइट आयपी या प्रोटोकॉलच्या शीर्षकासाठी आणि टीसीपी वापरला असल्यास आणखी किमान २० बाइट त्याच्या शीर्षकासाठी लागतात. उरलेल्या १४६० बाइटमध्ये प्रत्यक्ष मजकूर असतो. ही शीर्षके कोणत्या क्रमाने लिहावीत, कोणत्या संदेशाला कोणते उत्तर द्यावे आणि उत्तर न आल्यास काय करावे, हे ठरवणाऱ्या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात.

या व्यवहाराचा फारच थोडा भाग वापरणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. संकेतस्थळ उघडले नाही, तर ब्राउझर एका ओळीची सूचना देऊन थांबतो. पान न उघडण्यामागे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर बंद असणे, मधला दुवा तुटणे, फायरवॉलने पॅकेट अडवणे किंवा पलीकडच्या सर्व्हरवर कामाचा ताण असणे यांपैकी कोणतेही कारण असू शकते. लक्षण एकच असल्यामुळे जाळे सांभाळणारे, सर्व्हर सांभाळणारे आणि आज्ञावली लिहिणारे यांच्यात दोष कोणाचा, याविषयी वाद होतो. तारेवरून प्रत्यक्ष काय गेले व काय आले, हे पाहता आले तर या वादाचा निकाल पुराव्याने लावता येतो. पॅकेट विश्लेषकांची निर्मिती या गरजेतून झाली.

इतिहास

पूर्वीची साधने

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील माइक म्यूस यांनी पिंग ही छोटी आज्ञावली लिहिली. दूरच्या संगणकाकडे एक संदेश पाठवून त्याचे उत्तर येते का व किती वेळात येते, हे ती सांगते. पाणबुडीतील सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचे नाव ठेवले गेले. उत्तर का आले नाही, हे मात्र पिंगवरून कळत नाही.

तारेवरील पॅकेट टिपून दाखवणारे व्यापारी साधन म्हणून नेटवर्क जनरल या कंपनीचे स्निफर विशेष प्रसिद्ध झाले. ही कंपनी हॅरी साल व लेन शुस्टेक यांनी १९८६ मध्ये स्थापन केली होती. त्यानंतर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत वॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅकॅन यांनी टीसीपीडंप ही आज्ञावली तयार केली. तिच्यातील पॅकेट टिपण्याचा भाग पुढे लिबपीकॅप या नावाने स्वतंत्र झाला. वायरशार्कचे टिपण्याचे काम आजही या पायावर उभे आहे.

इथेरियल

जेराल्ड कॉम्ब्स हे मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेचे संगणकशास्त्राचे पदवीधर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत काम करत होते. त्या काळी व्यापारी प्रोटोकॉल विश्लेषकाची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती आणि कंपनीत वापरल्या जाणाऱ्या सोलारिस व लिनक्स या प्रणालींवर ते चालतही नव्हते. त्यामुळे कॉम्ब्स यांनी स्वतःच विश्लेषक लिहावयास घेतला आणि जुलै १९९८ मध्ये इथेरियल या नावाने त्याची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली.

आज्ञावलीची मूळ संहिता खुली असल्यामुळे तिला लवकरच सहकारी लाभले. गिल्बर्ट रामिरेझ यांनी प्रारंभीच एक विच्छेदक लिहून दिला. ऑक्टोबर १९९८ मध्ये गाय हॅरिस यांनी सुधारणा पाठवण्यास सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस टीसीपी-आयपीचे वर्ग घेणारे रिचर्ड शार्प यांना अध्यापनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व जाणवले व तेही या कामात सामील झाले. स्वतःला हव्या असलेल्या प्रोटोकॉलची भर घालून ती सर्वांसाठी परत द्यावयाची, या रीतीने आज्ञावलीचा विस्तार होत गेला.

नामांतर

मे २००६ मध्ये कॉम्ब्स यांनी नोकरी बदलून केस टेक्नॉलॉजीज या कंपनीत प्रवेश केला. संहितेच्या बहुतांश भागाचे स्वामित्वहक्क त्यांच्याकडे होते व उरलेला भाग सार्वजनिक परवान्याखाली असल्यामुळे तो पुढे वापरता येत होता. परंतु इथेरियल हे बोधनाम त्यांच्या आधीच्या कंपनीच्या मालकीचे होते. म्हणून जुनी संहिता आणि नवे नाव अशा स्वरूपात प्रकल्प पुढे चालू राहिला. विकासक नव्या नावाबरोबर गेले आणि इथेरियलचा विकास थांबला. नाव कंपनीचे असले तरी परवान्यामुळे काम सर्वांचे राहते, याचे उदाहरण म्हणून मुक्तस्रोत चळवळीच्या इतिहासात या घटनेला महत्त्व आहे.

नंतरची वाटचाल

दहा वर्षांच्या विकासानंतर २००८ मध्ये १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शार्कफेस्ट ही वापरकर्त्यांची व विकासकांची परिषद प्रथम भरली. २०१० मध्ये रिव्हरबेड या कंपनीने केस टेक्नॉलॉजीज विकत घेतली व ती या प्रकल्पाची प्रमुख पुरस्कर्ती झाली. २०१५ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत पडद्यावरील मांडणी नव्याने लिहिण्यात आली. २०१९ च्या ३.० आवृत्तीत विंडोजवरील विनपीकॅप या जुन्या घटकाची जागा एनपीकॅपने घेतली. २०२२ मध्ये पुरस्कर्तेपद सिसडिग या कंपनीकडे आले आणि ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये प्रकल्पाच्या सांभाळासाठी वायरशार्क फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

कार्यपद्धती

पॅकेट टिपणे

संगणकाचे नेटवर्क कार्ड सामान्यतः स्वतःच्या पत्त्यावर आलेली व सर्वांसाठी प्रसारित झालेली पॅकेट स्वीकारते आणि उरलेली सोडून देते. वायरशार्क चालू केल्यावर कार्ड सर्वग्राही अवस्थेत ठेवता येते. या अवस्थेत कार्डापर्यंत पोहोचलेले प्रत्येक पॅकेट, ते कोणाच्याही नावाचे असले तरी, नोंदीत घेतले जाते. वाय-फायच्या बाबतीत हवेतील सर्व चौकटी टिपण्यासाठी याहून निराळी निरीक्षक अवस्था लागते आणि प्रत्येक कार्डात ती सोय असतेच असे नाही.

टिपलेली पॅकेट पीकॅप किंवा पीकॅपएनजी या प्रकारच्या धारिकेत साठवली जातात. त्यामुळे एका ठिकाणी टिपलेली नोंद दुसऱ्या गावातील तज्ज्ञाला पाठवून तिचा अभ्यास नंतर करता येतो.

पॅकेट उलगडणे

पॅकेट म्हणजे मुळात अंकांची एक लांब रांग असते. तिच्यातील कोणता अंक कशाचा, हे ओळखण्यासाठी वायरशार्कमध्ये प्रत्येक प्रोटोकॉलसाठी विच्छेदक नावाचा छोटा भाग असतो. इथरनेटचा विच्छेदक आपले शीर्षक वाचून उरलेला भाग आयपीच्या विच्छेदकाकडे सोपवतो, तो टीसीपीकडे, आणि टीसीपी पुढच्या प्रोटोकॉलकडे. वायरशार्कला असे शेकडो प्रोटोकॉल वाचता येतात. नवा विच्छेदक सी किंवा लुआ या भाषेत लिहून जोडता येतो.

मुख्य खिडकीचे परंपरेने तीन भाग असतात. वरच्या भागात पॅकेटची यादी असते व प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, वेळ, पाठवणारा, घेणारा, प्रोटोकॉल आणि थोडक्यात आशय दिसतो. दुसऱ्या भागात निवडलेल्या पॅकेटचा थरांनुसार तपशील येतो. तिसऱ्या भागात मूळ बाइट दिसतात. यादीतील ओळी रंगवलेल्या असतात. मूळ रंगयोजनेत टीसीपीसाठी फिकट जांभळा व यूडीपीसाठी फिकट निळा रंग असून दोष असलेली पॅकेट काळ्या पार्श्वभूमीवर दिसतात.

मराठी मजकूर वाहून नेणारे पॅकेट या तिसऱ्या भागात पाहिले, तर अक्षरांच्या जागी केवळ ठिपके दिसतात. याचे कारण असे की, हा भाग मूळ रोमन लिपीच्या संकेतांनुसार अक्षरे दाखवतो, तर यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘म’ या अक्षरासाठी २२४, १६४ व १७४ असे तीन बाइट जातात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे असल्यामुळे त्याला १५ बाइट लागतात. टीसीपी संभाषण सलग वाचण्याच्या खिडकीत यूटीएफ-८ हा पर्याय निवडल्यावर हा मजकूर देवनागरीत दिसतो.

गाळण्या

वापरात असलेल्या जाळ्यावर काही मिनिटांतच लाखो पॅकेट जमा होऊ शकतात. त्यांतून हवे ते निवडण्यासाठी दोन प्रकारच्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, असतात. टिपतानाची गाळणी नको असलेली पॅकेट नोंदीत येऊच देत नाही. पाहतानाची गाळणी आधीच टिपलेल्या नोंदीतील ठरावीक पॅकेट तेवढी दाखवते आणि बाकीची तात्पुरती लपवते. पहिल्या गाळणीने वगळलेले पॅकेट पुन्हा मिळवता येत नाही. त्यामुळे बिघाडाचे स्वरूप स्पष्ट नसेल, तर शक्य तितके टिपून नंतर गाळणे श्रेयस्कर मानले जाते.

अन्य सोयी

एका संभाषणातील सर्व पॅकेट एकत्र जोडून वाचणे, कोणत्या दोन संगणकांमध्ये किती माहिती गेली याचे कोष्टक करणे, वेळेनुसार आलेख काढणे आणि इंटरनेटवरून झालेल्या दूरध्वनी संभाषणाची गुणवत्ता तपासणे, या सोयी वायरशार्कमध्ये आहेत. टीशार्क ही तिची आज्ञापंक्तीवर चालणारी आवृत्ती आहे. डंपकॅप हा सहकारी कार्यक्रम केवळ टिपण्याचे काम करतो.

दोषनिदानाचे उदाहरण

वायरशार्कचा उपयोग कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. समजा, एका संस्थेच्या अंतर्गत वापराचे, साध्या एचटीटीपीवर चालणारे पान सकाळी उघडण्यास पाच-सहा सेकंद लागतात, पण दुसऱ्यांदा ते झटकन उघडते. सर्व्हर मंद झाला आहे, अशी कर्मचाऱ्यांची समजूत आहे. एका लिनक्स संगणकावर टिपलेली नोंद पुढीलप्रमाणे आहे.

०.००० सेकंद: पानाच्या नावाचा पत्ता विचारणारी पृच्छा पहिल्या डीएनएस सर्व्हरकडे गेली.
५.००५ सेकंद: उत्तर न आल्यामुळे तीच पृच्छा दुसऱ्या डीएनएस सर्व्हरकडे गेली.
५.०२५ सेकंद: दुसऱ्या सर्व्हरकडून पत्ता मिळाला.
५.०२६ सेकंद: पानाच्या सर्व्हरकडे जोडणीची विनंती, म्हणजे सिन, गेली.
५.०५६ सेकंद: विनंती मान्य झाल्याचे उत्तर, म्हणजे सिन-ॲक, आले.
५.०५७ सेकंद: त्याची पोच व लगोलग पानाची मागणी गेली.
५.१३७ सेकंद: पानाचा पहिला तुकडा आला.

जोडणीची विनंती व तिचे उत्तर यांतील ३० मिलिसेकंदांचे अंतर हा रस्त्यावर जाण्या-येण्याचा वेळ होय. मागणीनंतर पहिला तुकडा येण्यास ८० मिलिसेकंद लागले. त्यातून रस्त्याचे ३० वजा केल्यास सर्व्हरने विचार करण्यात सुमारे ५० मिलिसेकंद घालवले, असा अर्थ निघतो. सर्व्हर व रस्ता हे दोन्ही ठीक आहेत. जवळजवळ संपूर्ण विलंब उत्तर न देणाऱ्या पहिल्या डीएनएस सर्व्हरमुळे झाला, कारण लिनक्सवर अशा उत्तराची वाट पाहण्याचा ठरलेला कालावधी पाच सेकंदांचा असतो. एकदा मिळालेला पत्ता काही काळ साठवून ठेवला जातो, म्हणून दुसऱ्यांदा पान लवकर उघडते.

या संस्थेने अधिक वेगाची जोडणी किंवा नवा सर्व्हर विकत घेतला असता, तरी हा विलंब कमी झाला नसता. बंद पडलेल्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता संगणकांच्या मांडणीतून काढून टाकणे किंवा तो सर्व्हर पुन्हा चालू करणे, एवढाच खरा उपाय होता.

नेहमी आढळणाऱ्या खुणा

टिपलेल्या नोंदीत पुढील खुणा वारंवार आढळतात व त्यांवरून बिघाडाची दिशा कळते.

पुनःप्रेषण: पाठवलेल्या पॅकेटची पोच वेळेत न आल्यामुळे ते पुन्हा पाठवले जाते. अशी पॅकेट मोठ्या प्रमाणात दिसल्यास वाटेत गळती होत असल्याचा संभव असतो.

दुहेरी पोच: मधले पॅकेट हरवल्यामुळे घेणारा संगणक शेवटच्या सलग पॅकेटचीच पोच पुनःपुन्हा देतो. अशा तीन जादा पोचा आल्यावर पाठवणारा सहसा मुदत संपण्याची वाट न पाहता हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो.

शून्य खिडकी: घेणाऱ्या संगणकाजवळ नवी माहिती ठेवण्यास जागा उरली नाही, असा हा निरोप असतो. येथे जाळे निर्दोष असून घेणाऱ्या बाजूची आज्ञावली माहिती वेळेवर उचलत नाही.

रीसेट: जोडणी अचानक तोडली गेली. सर्व्हरवर ती सेवा चालू नसणे किंवा मधल्या फायरवॉलने हस्तक्षेप करणे, ही त्याची नेहमीची कारणे होत.

एका पत्त्याचे दोन दावेदार: एकाच आयपी पत्त्यासाठी दोन निराळ्या कार्डांचे पत्ते उत्तर देतात. चुकून एकच पत्ता दोन यंत्रांना दिल्यास असे घडते. क्वचित प्रसंगी त्यामागे दुसऱ्याची माहिती आपल्याकडे वळवण्याचा हेतू असतो.

पत्ता वाटणारे दोन सर्व्हर: नवा संगणक पत्ता मागतो तेव्हा त्याला दोन ठिकाणांहून देकार येतात. घरगुती वापराचा राउटर कार्यालयाच्या जाळ्यात चुकीच्या पद्धतीने जोडल्यास हा घोटाळा होतो.

टिपण्याच्या जागेचे महत्त्व

वायरशार्कला तिच्या जागेवरून जेवढे दिसते, तेवढ्याचीच नोंद होते. पूर्वीच्या हब या उपकरणात एका संगणकाकडून आलेले पॅकेट सर्व तारांवर जात असे, म्हणून कोठूनही सर्व संभाषणे टिपता येत. आजच्या स्विचमध्ये पॅकेट ज्याचे त्यालाच मिळते. त्यामुळे जाळ्यातील एखाद्या संगणकावर वायरशार्क चालवल्यास मुख्यतः त्याच संगणकाची पॅकेट दिसतात. इतरांची पाहण्यासाठी स्विचच्या एका मुखावरील पॅकेटची प्रत दुसऱ्या मुखावर पाठवण्याची मांडणी करावी लागते किंवा तारेत टॅप नावाचे उपकरण बसवावे लागते.

दोन्ही टोकांना एकाच वेळी नोंद घेणे ही सर्वांत निर्णायक पद्धत समजली जाते. एका टोकाहून निघालेले पॅकेट दुसऱ्या टोकाच्या नोंदीत सापडले नाही, तर ते मधल्या वाटेत नष्ट झाले हे सिद्ध होते. त्यासाठी दोन्ही संगणकांची घड्याळे जुळलेली असणे सोयीचे ठरते.

मर्यादा

टिपलेली नोंद दिशाभूल करू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते. आधुनिक नेटवर्क कार्ड पॅकेटची तपासणी-बेरीज स्वतः करते. वायरशार्क मात्र बाहेर जाणारे पॅकेट कार्डाकडे पोहोचण्यापूर्वीच टिपते. त्यामुळे प्रत्यक्षात बरोबर असलेल्या पॅकेटची बेरीज चुकीची दिसू शकते. मोठ्या पॅकेटचे तुकडे करण्याचे कामही कार्डाकडे सोपवलेले असल्यास, तारेवर जाऊच शकणार नाहीत इतकी मोठी पॅकेट नोंदीत आढळतात.

वेगवान जाळ्यांवर नोंदीचा आकार हीच अडचण ठरते. सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी एका दिशेने पूर्ण भरलेली असल्यास सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला साडेसात गिगाबाइट माहिती साठवावी लागेल. संगणकाला हा वेग न झेपल्यास काही पॅकेट नोंदीतून गळतात. अशी गळती जाळ्यातील गळती समजली गेल्यास निष्कर्ष चुकतो. यासाठी ठरावीक आकाराच्या धारिकांचे चक्र वापरून जुनी नोंद पुसत जाण्याची सोय दिलेली आहे.

सुरक्षितता, गोपनीयता व कायदा

जे साधन बिघाड दाखवते, तेच साधन दुसऱ्याचे खासगी संभाषणही दाखवू शकते. सार्वजनिक ठिकाणच्या खुल्या वाय-फायवर पूर्वी अनेक संकेतस्थळांची माहिती उघड स्वरूपात जात असे. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्स ब्राउझरसाठीचे विस्तारक प्रसिद्ध करून हा धोका लोकांपुढे आणला. त्याच जाळ्यावरील दुसऱ्या व्यक्तीच्या ओळखीची कुकी टिपून तिच्या खात्यात शिरणे त्याद्वारे सहज शक्य होते. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी सर्व व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या एचटीटीपीएसचा अवलंब वाढवला.

आज टीएलएस या प्रोटोकॉलमुळे बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर वायरशार्कमध्ये वाचता येत नाही. तरीही कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी, केव्हा व किती माहितीची देवघेव करतो, हे दिसत राहते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ या आवृत्तीत सर्व्हरची खासगी किल्ली हाती असली तरी टिपलेला मजकूर उघडता येत नाही. स्वतःच्या संगणकावरील ब्राउझरला तात्कालिक किल्ल्या धारिकेत लिहून ठेवण्यास सांगितल्यास वायरशार्क त्या वापरून मजकूर दाखवू शकते. ज्याचे संभाषण त्यालाच ते अभ्यासता यावे, या दृष्टीने ही सोय उपयुक्त आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकजाळ्यात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटपूर्वक केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून शाळा, महाविद्यालय किंवा कार्यालय यांच्या जाळ्यावर वायरशार्क चालवण्यापूर्वी संबंधितांची लेखी परवानगी घेणे इष्ट ठरते. टिपलेल्या धारिकेत संकेतशब्द व खासगी मजकूर असू शकतो. त्यामुळे ती दुसऱ्याला पाठवताना किंवा जपून ठेवताना काळजी घ्यावी लागते.

वायरशार्क स्वतःही हल्ल्याचे लक्ष्य होऊ शकते. अनोळखी स्रोताकडून आलेली पॅकेट वाचत असल्याने एखाद्या विच्छेदकातील चूक हेरून मुद्दाम बनवलेल्या पॅकेटद्वारे संगणकावर ताबा मिळवता येऊ शकतो. इथेरियलच्या काळात अशा अनेक त्रुटी आढळल्यामुळे ओपनबीएसडी या प्रणालीच्या विकासकांनी ३.६ या आवृत्तीपूर्वी ती आपल्या संग्रहातून वगळली होती. विशेषाधिकार लागणारे टिपण्याचे काम डंपकॅपकडे सोपवून उरलेली आज्ञावली सामान्य अधिकारांनी चालवणे, हा त्यावरील उपाय आहे.

शिक्षणातील उपयोग

प्रोटोकॉल पाठ्यपुस्तकातून शिकताना विद्यार्थ्याला तो आकृत्यांच्या रूपात भेटतो. वायरशार्कमुळे तोच प्रोटोकॉल त्याच्या स्वतःच्या संगणकावर घडताना पाहता येतो. जेम्स कुरोस व कीथ रॉस यांच्या संगणकजाळ्यांवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकासोबत वायरशार्कवर आधारित प्रात्यक्षिके दिलेली आहेत. आज्ञावली विनामूल्य असल्यामुळे साध्या संगणकांवरही ही प्रात्यक्षिके करता येतात. स्वतःच्याच संगणकावरून पिंग चालवून जाणारे व येणारे पॅकेट पाहणे, हा सुरुवातीचा सोपा व निर्धोक अभ्यास मानला जातो.

अन्य साधनांशी तुलना

जाळ्याची देखरेख व दोषनिदान यांसाठी अनेक साधने आहेत व प्रत्येकाचे काम निराळे आहे. पलीकडचा संगणक उत्तर देतो का, हे पिंग सांगते. पॅकेट कोणत्या मार्गाने जाते, हे ट्रेसरूट दाखवते. दोन टोकांमध्ये किती वेगाने माहिती जाऊ शकते, हे आयपर्फने मोजता येते. कोणत्या संगणकावर कोणत्या सेवा चालू आहेत, याचा शोध एनमॅप घेते. नेगिऑस व झॅबिक्स यांसारख्या प्रणाली जाळ्यातील यंत्रांवर अहोरात्र लक्ष ठेवतात व काही बिघडल्यास व्यवस्थापकाला सूचना देतात. बिघाड झाल्याचे अशा प्रणालींवरून कळते आणि त्याचे कारण शोधताना वायरशार्ककडे वळावे लागते. पडदा नसलेल्या दूरच्या सर्व्हरवर टीसीपीडंपने नोंद घेऊन ती धारिका आपल्या संगणकावर वायरशार्कमध्ये उघडण्याची पद्धतही रूढ आहे.

हेही पहा

पिंग
ट्रेसरूट
टीसीपीडंप
एनमॅप
डीएनएस
टीसीपी-आयपी
मुक्तस्रोत आज्ञावली